मासे मोजायची फळी, लटकता काटा आणि शून्य कुठून धरायचं ते

फळी सोळा महिने वापरतेय, काटा तेरा महिने. दोन्ही वस्तू एका पावसाळ्यातून गेल्यात, खाऱ्या पाण्यात भिजल्यात, एकदा फळी बंदरावरून खाली खडकावर पण पडली, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आमच्यासारखं कोणी आपल्या कोळीवाड्यात मासळीची नोंद ठेवायला सुरुवात करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितेय, लांब होईल.

सामान असं आहे. एक, मासा झोपवून लांबी मोजायची ॲक्रिलिकची फळी, ६० सेंटीमीटरची, नेमप्लेट आणि ट्रॉफ्या बनवणाऱ्या दुकानातून ऑर्डर देऊन करून घेतलेली. दोन, ५० किलोचा लटकता डिजिटल काटा, मस्जिद बंदरच्या गल्लीतून. तीन, पाण्याचा खारटपणा बघायचं रिफ्रॅक्टोमीटर, ऑनलाईन. फळीचे आठशे पन्नास, काट्याचे अकराशे, तिसऱ्याचे साधारण दीड हजार गेले. सगळं मिळून साडेतीन हजारात एका बंदराची नोंद सुरू होते, म्हणजे पैशाची अडचण नाही, अडचण दुसरीकडे आहे ते पुढे येईलच.

आधी घेतलं का ते सांगते, नाहीतर कोणाला वाटेल घरात मासे मोजायचं काय खूळ. मी वरळी कोळीवाड्यातली. बाबा आणि काका अजून छोट्या होडीने किनाऱ्यालगतच जातात, ट्रॉलर वगैरे आमचा नाही, जे येतं त्यातलं निम्मं घरात आणि नात्यात जातं आणि उरलेलं आत्या पाटीत घेऊन बसते. कोस्टल रोडचं काम आलं तेव्हा पुलाच्या खांबांमधून होड्या कशा जाणार यावरून आमच्या लोकांनी केवढा लढा दिला ते मुंबईत सगळ्यांना माहीत आहे, खांबांमधलं अंतर ६० मीटर धरलेलं ते शेवटी १२० मीटर करायचं डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झालं. त्याच सगळ्या धामधुमीत एका मीटिंगला मी बाबांबरोबर गेलेले. तिथे एकाने शांतपणे विचारलं, तुम्ही म्हणता मासळी कमी झाली, किती होती आणि किती झाली? बाबा म्हणाले, साहेब, पहिले पाटी भरायची, आता तळ दिसतो. समोरच्याने मान हलवली आणि कागदावर काहीच लिहिलं नाही. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे लिहायला आकडाच नव्हता. मी परळला एका ऑफिसात अकाऊंट्सला आहे, दिवसभर हेच काम करते, आणि मला त्या क्षणी एवढं लागलं की घरी येईपर्यंत बोलले नाही. चाळीस वर्षं समुद्रात जाणाऱ्या माणसाकडे ओपनिंग बॅलन्स, म्हणजे सुरुवातीला किती होतं तो आकडा, नाही. क्लोजिंग सगळ्यांना दिसतंय, ओपनिंग कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

माझी चुलत बहीण वर्सोव्याच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज एज्युकेशनमध्ये शिकत होती. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली ताई, तू अलास्काचं वाच, नुइकसट गावाचं. तिने मला दोन-तीन रिपोर्ट दिले आणि मी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचले, आणि खरं सांगते, जग किती लहान आहे ते कळलं.

नुइकसट म्हणजे अलास्काच्या एकदम उत्तरेला, कोलव्हिल नदी आर्क्टिकच्या ब्यूफोर्ट समुद्राला मिळते तिथलं इनुपिआट या मूळ रहिवासी लोकांचं गाव. १९७३ मध्ये २७ कुटुंबं आपल्या जुन्या जागेवर परत येऊन वसली, आता चारपाचशे वस्ती असेल. त्यांचा मासा म्हणजे आर्क्टिक सिस्को, त्यांच्या भाषेत काकताक, साधारण फूटभर लांब, चंदेरी, चरबीचा. ऑक्टोबरमध्ये नदीवर बर्फ धरला, माणूस उभा राहील एवढा जाड झाला की लगेच मासेमारी सुरू, नोव्हेंबरपर्यंत. बर्फाला भोकं पाडतात, लांब काठीने दोरी बर्फाच्या खालून एका भोकातून दुसऱ्या भोकात काढतात आणि त्या दोरीला बांधून जाळं खाली ओढून घेतात. मग रोज नाहीतर दिवसाआड तीच भोकं परत फोडायची आणि जाळं बाहेर काढायचं, उणे वीस डिग्रीत, हाताने. मासा बाहेर येतो आणि तिथेच बर्फावर गोठून लाकूड होतो. तो तसाच गोठलेला कच्चा कापून सीलच्या तेलात बुडवून खातात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना, नातेवाईकांना आधी पोचवतात. आमच्याकडे पण पहिल्या चांगल्या मासळीतलं आजीकडे जायचंच, त्यामुळे हे वाचताना परकं नाही वाटलं.

तर या गावात १९८५ पासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, जवळजवळ दर सीझनला कोणीतरी माणूस स्नोमोबाईलवर बसून एका जाळ्यापासून दुसऱ्या जाळ्यापर्यंत फिरतो. प्रत्येक ठिकाणी विचारतो, जाळं किती लांब, आस (जाळ्याच्या भोकाचं माप) किती, टाकलं कधी, मागच्या वेळी काढलं कधी, मासे किती आले. त्यातले थोडे मोजतो. काही माशांच्या डोक्यातला खडा काढून वय बघतात, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात त्यात. आपल्याकडे ढोम्याच्या डोक्यातले पांढरे खडे लहानपणी आम्ही जमवून खेळायचो, तेच ते, फक्त आम्हाला माहीत नव्हतं की त्यात जन्मतारीख लिहिलेली असते. आणि त्याच भागात एक कुटुंब विक्रीसाठी मासेमारी करायचं, त्यांच्या वह्या तर १९६७ पासूनच्या होत्या, त्या पण पुढे अभ्यासाला कामाला आल्या. एका घरातल्या वह्या! हे वाचलं आणि दुसऱ्याच शनिवारी मी फळी करून घ्यायला गेले.

आता फळी. ही दिसायला एकदम साधी वस्तू आहे. सपाट पट्टी, त्यावर मिलीमीटरच्या खुणा, आणि एका टोकाला उभा ठोकळा. माशाचं तोंड मिटून नाक त्या ठोकळ्याला टेकवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपटी कुठे येते ते वाचायचं. तयार फळ्या मिळतात पण बाहेरून मागवाव्या लागतात आणि फार महाग पडतात. मी कागदावर चित्र काढून नेलं, दुकानदाराला समजावलं, त्याने चार दिवसांत करून दिली. दिसायला एक नंबर. पांढरं पाच मिलीमीटरचं ॲक्रिलिक, काळे आकडे लेझरने कोरून रंग भरलेले, कडा घासून गुळगुळीत. मी खूश होऊन घरी आले आणि बाबांच्या होडीपासून सुरू केलं.

दोन महिन्यांनी बहीण सुट्टीला आली, फळी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, ताई, शून्य कुठे आहे? मी म्हटलं हे काय. ती म्हणाली हे पट्टीचं शून्य आहे, ठोकळा कुठे सुरू होतो ते बघ. दुकानदाराने शाळेच्या फूटपट्टीसारखं केलेलं, म्हणजे फूटपट्टीला जशी आधी थोडी कोरी कड असते आणि मग शून्य येतं, तशी कड ठेवून शून्य कोरलं होतं आणि ठोकळा त्या कडेला चिकटवला होता. चार मिलीमीटर. मी मोजलेला प्रत्येक मासा चार मिलीमीटरने लहान लिहिला गेला होता. २१२ मासे. मी रडले नाही पण जवळजवळच.

नशीब एवढंच की चूक सगळीकडे सारखी होती त्यामुळे सगळ्यांत चार मिळवून वही दुरुस्त करता आली, आणि तसं वहीत पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, कुठल्या तारखेपर्यंत चार मिळवलेत ते. पण विचार करा, बहीण आली नसती आणि फळी तुटून मी मध्येच दुसरी घेतली असती तर? वहीत असं दिसलं असतं की वरळीचे मासे एका रात्रीत चार मिलीमीटर वाढले. दुकानात परत गेले तर तो आधी मानायलाच तयार नाही, मॅडम चार एमएमने काय होतंय. मुडदुशी वीतभर पण नसते हो, तिला चार मिलीमीटर म्हणजे काहीतरी आहे. शेवटी त्याच्याच स्टीलच्या पट्टीने त्याच्याच काऊंटरवर दाखवलं तेव्हा त्याने अर्ध्या पैशात दुसरी करून दिली. दुसरी बरोबर आहे, शून्य ठोकळ्याच्या आतल्या भिंतीवर, आणि ठोकळा नुसता चिकटवलेला नाही, खालून दोन स्टीलचे स्क्रू आहेत. कारागिरी चांगली आहे त्याची, ते मान्यच करते, खडकावर पडली त्या दिवशी फक्त एक कोपरा उडाला, आकडे एवढ्या महिन्यांत पुसट पण नाही झाले. तक्रार एवढीच की वस्तू कशासाठी आहे ते त्याने ऐकून घेतलं नाही, आणि मी पण दुकानातून निघण्याआधी तपासली नाही.

पांढरा रंग घेताना बहिणीने सांगितलेलं, फोटोत मासा स्पष्ट दिसतो. बरोबर आहे, पण भर दुपारी उन्हात पांढरी फळी डोळ्यावर येते, आकडा वाचता वाचता पाणी येतं डोळ्यात. परत करायची झाली तर फिकट राखाडी करीन. आणि दुसरं, फळी कायम ओली करून घ्यायची, कोरड्या ॲक्रिलिकवर मासा चिकटतो, खवलं निघतात आणि सरळ करताना ओढला जातो.

बोंबील मोजायचा म्हणजे तर कसरतच आहे. आमच्या होडीला तो कमीच लागतो पण शेजारच्या काकांकडे डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, आहे त्यांच्याकडून मोजते. बोंबील म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणीच, हातात घेतला की लोंबतो, शेपटीला धरून उचलला तर तुमच्या डोळ्यांदेखत लांब होतो. एकच बोंबील मी तीनदा मोजून बघितला, उचलून ठेवला तर एक माप, सरकवत नेला तर दुसरं, आणि ओल्या तळहातावर झोपवून अलगद फळीवर सोडला तर तिसरं. आता मी तिसरीच पद्धत वापरते, कायम, घाई असली तरी. दुसरं म्हणजे त्याच्या शेपटीला तीन टोकं असतात, मधलं पण एक, त्यामुळे कुठपर्यंत मोजायचं ते आधी ठरवून वहीत लिहून ठेवायला लागतं. शिंगाळा, बोय यांची शेपटी मध्ये खाच असलेली, त्यांना मी खाचेपर्यंत मोजते, अलास्कात काकताक पण तसाच मोजतात कारण शेपटीची टोकं जाळ्यात फाटतात आणि खाच फाटत नाही. बोंबलाला मी टोकापर्यंत मोजते. कसंही मोजा पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही. आणि शिंगाळ्याला नवीन माणसाने हात लावू नये, आधी काटे मोडलेत का बघायचं. एकदा माझ्या अंगठ्यात गेला तर तीन दिवस की-बोर्डवर बोट टेकवता येत नव्हतं.

काटा. काट्याबद्दल मिश्र मत आहे. वजन बरोबर दाखवतो, मी एक किलो आणि पाच किलोची वजनं आत्याकडून घेऊन दर महिन्याला तपासते, दहा-वीस ग्रॅमचा फरक, आपल्या कामाला पुरतं. टेअर आहे म्हणजे रिकामी पाटी लटकवून शून्य करायचं आणि मग मासळी भरायची, ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. पण होडीत चालत नाही. होडी हलते तसा आकडा नाचत राहतो, होल्डचं बटण आहे ते दाबलं तर जो आकडा त्या क्षणी असेल तोच पकडतो, सरासरी वगैरे काही काढत नाही, दुकानदाराने सांगितलेलं की काढतो. त्यामुळे वजन फक्त बंदरावर, बांबूला टांगून. पहाटे अंधारात आकडा दिसत नाही, लाईट आहे म्हणून सांगितलं होतं, ती एवढी मंद की मोबाईलचा टॉर्च लागतोच. आणि बॅटरीच्या खोक्यातली स्प्रिंग चौथ्या महिन्यात हिरवी पडली. आता व्हॅसलिन लावते, दर रविवारी सेल काढून पुसते, वरून दुधाची पिशवी रबरबँडने बांधते, तेव्हापासून ठीक चाललाय. पावसाळ्यात दोन महिने बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा सेल काढूनच ठेवायचा, मी विसरले असते तर गेलाच असता.

वजनापेक्षा महत्त्वाचं काय ते मला उशिरा कळलं, आणि हे मी अकाऊंट्सची असून कळायला उशीर झाला याचं वाईट वाटतं. सुरुवातीला मी फक्त लिहायचे, आज बाबा, सहा किलो. उद्या बाबा, अकरा किलो. बहीण म्हणाली याचा अर्थ काहीच नाही. सहा किलो किती जाळ्यात? किती तासांत? आसेचा आकार काय? भांगाचं पाणी होतं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं, की उधाणाचं? दोन जाळी रात्रभर टाकून अकरा किलो आणि एक जाळं चार तासात सहा किलो, यात जास्त मासळी कोणत्या दिवशी होती ते तूच सांग. नुइकसटमध्ये म्हणून तर तो माणूस मासे मोजायच्या आधी जाळं मोजतो. तिथे बहुतेक जाळी तीन इंच आसेची असतात, पण सगळ्यांची लांबी सारखी नसते, कोणी एक दिवसाने काढतो कोणी दोन दिवसांनी, ते सगळं एका मापावर आणून मग वर्षाला वर्ष लावतात. वर्षभरात एकूण किती मासे आले हा आकडा एकटा फसवतो, कारण लोक जास्त दिवस गेले तरी तो वाढतो. आता माझ्या वहीत पहिले चार रकाने जाळ्याचे आहेत, पाण्याचा एक, आणि मग मासळी.

पण हे विचारायचं कोणाला? सामान साडेतीन हजारात येतं पण माणूस तुम्हाला स्वतःची पाटी का दाखवेल? हीच खरी अडचण. काका तर पहिल्या दिवशी सरळ बोलले, “मापून कं मिलनार रं आमाला? उद्या तुजी वही कोन घेऊन जाईल नि बोलंल तुमाला येतंय की मासली, भरपाई कशाला?” हे चुकीचं नाही बोलले ते. वही दोन्ही बाजूंनी वापरता येते. मी त्यांना खोटं काही सांगितलं नाही, म्हटलं काका, जास्त आली तर जास्तच लिहीन, पण वही आपल्या घरात राहील, कोणाला द्यायची ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि वहीत नावं नसतील, होडीला नंबर असतील. तीन महिने त्यांनी पाटी उघडली नाही. मी रोज जायचे नाही, रविवारी आणि सुट्टीला, नुसती उभी राहायचे, जाळं साफ करायला हात लावायचे. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, “ये, तुजी फली आन.” आता तर मी नसले तर आत्याकडून फोन करून सांगतात, तीन तास, दोन जाली, साडेसात किलो, लिव.

नुइकसटमध्ये पण हा प्रश्न होताच, तिथे तर मोजायचा खर्च बरीच वर्षं तेलाच्या धंद्यातूनच आलाय, आणि गावाची भीती पण तेलाचीच. गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर नदीच्या मुखातच तेलाचं क्षेत्र आहे, अल्पाईन नावाचं, १९९४ मध्ये सापडलं आणि २००० मध्ये तिथून तेल निघायला लागलं. पण मासळीची वही १९८५ ची! म्हणजे तेल निघायच्या आधीची पंधरा वर्षं हातात आहेत. आपल्याकडे खांब उभे राहायच्या आधीचं एक वर्ष पण नाही, मी सुरू केलं तेव्हा खांब होते. माझ्या वहीचं शून्य चार मिलीमीटर नाही, काही वर्षं सरकलेलं आहे, आणि ते मिळवून दुरुस्त करता येत नाही. म्हणून जिथे काही प्रकल्प येणार म्हणून नुसती कुणकुण आहे अशा बंदरावरच्या लोकांनी तरी आजच सुरू करा, फळी नसेल तर शिंप्याच्या टेपने करा.

आता जे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते. नुइकसटच्या पूर्वेला प्रुडो बे म्हणून मोठं तेलाचं ठिकाण आहे, तिथे १९७० आणि १९८० च्या दशकात समुद्रात लांबच लांब भरावाचे रस्ते घातले, आपल्याकडे घालतात तसेच. लोकांचं म्हणणं, किनाऱ्याने मासा पुढे येतो त्याची वाटच अडली. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, अभ्यास झाले आणि पुढे त्या भरावांमध्ये मासे आणि पाणी जायला जास्तीच्या मोकळ्या जागा पाडाव्या लागल्या. आमच्या ६० आणि १२० मीटरची आठवण झाली ना? मला झाली. पण गोष्ट तिथे संपत नाही. २००० च्या आसपास दोन-तीन वर्षं काकताक फारच कमी आला, आणि सगळ्यांचा संशय साहजिकच तेलावर. वह्या काढल्यावर वेगळंच एक कारण ठळक दिसलं. हा मासा त्या नदीत जन्मतच नाही. तो जन्मतो कॅनडातल्या मॅकेन्झी नदीत, पूर्वेला सहाशे किलोमीटरच्या आसपास लांब, आणि बोटाएवढी पिल्लं उन्हाळ्यात पूर्वेकडून वारा वाहिला तर किनाऱ्याने वाहत वाहत पश्चिमेला कोलव्हिलपर्यंत येतात. वारा नसला त्या वर्षी पिल्लं पोचतच नाहीत. ते त्या वर्षी कोणाला कळत नाही, कळतं पाच-सात वर्षांनी, जेव्हा ती पिल्लं जाळ्यात लागण्याएवढी व्हायला हवी होती आणि जाळं रिकामं येतं. प्रुडो बेमध्ये १९८१ पासून उन्हाळ्यात पिल्लांची पण मोजणी आहे, ती आणि गावातली जाळी शेजारी ठेवली तेव्हा हे जुळलं.

म्हणून मी वहीत कुठेही असं लिहीत नाही की अमुक खांबामुळे मासळी गेली. मनात काय आहे ते आहे, वाड्यात सगळ्यांच्या आहे. पण सोळा महिन्यांत ते सिद्ध होत नाही आणि मला काकांना खोटी आशा दाखवायची नाही. तरी गावकरी जे डोळ्यांनी बघतात त्याला पण किंमत आहेच. २०१३ पासून नुइकसटच्या लोकांना दुसऱ्या एका माशावर, ब्रॉड व्हाईटफिश, कापसासारखी बुरशी दिसायला लागली, ते पहिल्यांदा कोणत्या यंत्राने नाही, जाळं काढणाऱ्यांनी बघितलं आणि मग तपासणी झाली. म्हणून माझ्या वहीत शेवटचा रकाना मोठा ठेवलाय, ‘काय वेगळं दिसलं’. त्यात आत्याची वाक्यं जशीच्या तशी लिहिते. “बोयला रॉकेलचा वास.” “शेवंड एकच, पन मादी, अंडी होती, सोडली.” “मुडदुशी या टायमाला एवढी बारीक नसते.”

रिफ्रॅक्टोमीटरचं थोडक्यात. छोट्या दुर्बिणीसारखं आहे, काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते वाचायचं. सेल नाही, बिघडायला काही नाही, मला तिन्हीत ही वस्तू सगळ्यात आवडली. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावून घ्यायचं, बॅटरीत टाकायचं पाणी असतं तेच, गॅरेजमध्ये मिळतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पस्तीसच्या आसपास येतं, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ, भर पावसात नाल्याच्या तोंडाजवळ कितीतरी खाली. नुइकसटमध्ये प्रत्येक जाळ्यापाशी भोकातून पाणी काढून हे बघतात, कारण काकताकला निमखारं पाणी लागतं, समुद्राचं खारं पाणी बर्फाखालून नदीत किती वर घुसलंय त्यावर मासा कुठे मिळणार ते ठरतं. बाबांना दाखवलं तर त्यांनी पाणी जिभेला लावून आधी सांगितलं आणि मग मी वाचलं. आता हा आमचा रविवारचा ठरलेला कार्यक्रम आहे, आणि त्यांचा अंदाज फार लांब नसतो.

वहीसाठी काही स्पेशल घेऊ नका. मी आधी वॉटरप्रूफ कागदाची महागडी वही बघत होते, गरज नाही. जाड कागदाची साधी वही, प्लॅस्टिकची पिशवी, आणि पेन्सिल. पेन नको. माझ्या पहिल्या पंधरा दिवसांची पानं खाऱ्या पाण्याने निळी झालीत, वाचताच येत नाहीत. तिकडे थंडीत पेनाची शाई चालत नाही म्हणून पेन्सिल, आणि आपल्याकडे पाण्याने वाहून जाते म्हणून पेन्सिल. संध्याकाळी घरी येऊन पानाचा फोटो काढायचा आणि एक्सेलमध्ये भरायचं, ते मी करते, सवयीचंच काम आहे.

एक अजून उपयोग फळीचा. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, त्याखालचा मासा पकडायचा-विकायचा नाही. ती यादी वाड्यात कोणी वाचलेली नाही. मी आमच्याकडे लागणाऱ्या जातींच्या खुणा फळीच्या बाजूला रंगीत टेपने लावायचा विचार करतेय म्हणजे मुलांना पण दिसेल. फक्त टेप कुठली टिकते ते बघायचंय, साधी दोन धुण्यांत निघते.

कोणाला फळी करून घ्यायची असेल तर दुकानाचं नाव विचारू नका, कुठलाही नेमप्लेटवाला करील. पाच मिलीमीटर जाडी, राखाडी रंग, कोरलेले आकडे सांगा, छापलेले नको. ठोकळ्याला खालून स्क्रू, स्टीलचे. कोपरे गोल. दोरी बांधायला एक भोक, शेपटीच्या टोकाला, ठोकळ्याच्या बाजूला नको, तिथून तडा जातो. आणि घरून स्टीलची पट्टी घेऊन जा, ज्याचं शून्य कडेलाच असतं ती. ती ठोकळ्याच्या भिंतीला टेकवा, दोन्हीचे दहा, वीस, तीस जुळतात का ते काऊंटरवरच उभं राहून बघा, दुकानदार कितीही घाई करू दे. मग पैसे द्या. मी पुढच्या शनिवारी अजून दोन करायला टाकतेय, एक डोलवाल्या काकांसाठी आणि एक आत्यासाठी, तिने स्वतः मागितलीय, आणि तिची तिला जरा लहान हवी, पाटीत मावेल एवढी.